शिळ्या पाण्याची बादली

आमच्या घरात पाण्यावरून माझं आणि सासूबाईंचं कधी जमलं नाही. त्यांच्या लेखी रात्र उलटली की पाणी शिळं झालं. सकाळी साडेपाचला नळ आला की पिंपातलं, कळशीतलं, तांब्याभांड्यातलं उरलेलं सगळं मोरीत जायचं, भांडी चिंचेनं घासून लख्ख व्हायची आणि मगच ताजं पाणी भरायचं. डोंबिवलीत तेव्हा नळ जेमतेम दीड तास यायचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "आई, कालचं चांगलं आहे की, ओतता कशाला?" त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर दहा वर्षं मीही ओतत आले.

या नियमातून एकच भांडं सुटलेलं होतं, गॅलरीतली निळी प्लॅस्टिकची बादली. ती सासऱ्यांची. तिच्यात नळाचं पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग ते माशांच्या टाकीत घालायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. "नळाच्या पाण्यात औषध असतं. माणसाला चालतं, माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही," ते सांगायचे. "दोन दिवस उघडं राहिलं की औषध उडून जातं. तुझ्या सासूला म्हणावं, शिळं पाणी म्हणजे काय ते माशाला विचार." हे सगळं सासूबाईंच्या देखत, पण मला उद्देशून. त्या घरातलं निम्मं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं.

सासरे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर महिनाभर गॅलरीतून रस्ता बघण्यात घालवला, आणि मग एक दिवस काचा कापून आणल्या, लोखंडी अँगल जोडले आणि दीड फुटाची टाकी स्वतःच्या हातानं बनवली. मासे मात्र दुकानातले नव्हते. गावठाणातल्या एका जुन्या विहिरीत मलेरियावाल्यांनी डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडले होते. तिथून तुपाच्या रिकाम्या डब्यात ते पाचसहा मासे घेऊन आले. मातकट रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. त्यांत पुढे कल्याणच्या एका दुकानातला काळ्या शेपटीचा नर आणून सोडला आणि मग चार-पाच वर्षं एकच उद्योग. ज्या पिल्लाची शेपटी जास्त काळी, जास्त पसरट, ते ठेवायचं. बाकीची परत विहिरीत. शेवटी टाकीतल्या एकूण एक नराची शेपटी काजळासारखी झाली. बिल्डिंगमधली माणसं मुद्दाम बघायला यायची. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या आणि टाकीकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

मला काही माशांचं वेड नव्हतं. पण मी घरात असायचे आणि त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. "सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. मिनिटभरात संपलं पाहिजे. उरलं की तळाशी कुजतं आणि पाणी बिघडतं. हा मासा उपाशी राहून मरत नाही, खाऊन मरतो." शिवाय सांगायचे की गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि मादीला एकदा नर भेटला की पुढे कितीतरी महिने तिला नर लागत नाही. हे सांगताना ते जरा लाजायचे. सुनेशी बोलायचा विषय नव्हे ना तो.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी वैशाखात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा सगळं कळत होतं, डावा हात चालत होता, पण तोंडातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. आणि त्यांनी जेवण सोडलं. सासूबाई मऊ भाताची वाटी घेऊन बसायच्या, चमचा पुढे करायच्या, आणि चमच्याबरोबर त्यांचे डोळे भरून यायचे. ते ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नळी घातली की ती निघेलच असं मी सांगू शकत नाही." सासूबाईंनी फक्त "नळी" एवढा एकच शब्द ऐकला असावा. त्या रोज तो पुटपुटायच्या.

मार्ग सापडला तो योगायोगानं. त्यांची खाट टाकीशेजारीच होती. एका सकाळी मी माशांच्या खाण्याची डबी उघडली आणि सहज त्यांच्या डाव्या हातासमोर धरली. त्यांनी चिमूट घेतली, थरथरत टाकीवर नेली आणि सोडली. मासे वर आले, तुटून पडले. ते बघत राहिले. मी म्हटलं, "मासे जेवले. आता तुमचा नंबर, बाबा," आणि चमचा पुढे केला. तोंड उघडलं.

त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. आधी मासे, मग बाबा, आणि तेही फक्त माझ्या हातचं. सासूबाईंनी वाटी घेतली की ओठ मिटायचे. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्यासमोर हे असं का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त झाला. आज वाटतं, तिचं रडणं त्यांना बघवत नव्हतं, आणि माझं दटावणं बरं वाटत होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून चमचे मोजायच्या. मी रिकामी वाटी घेऊन गेले की विचारायच्या, "बारा झाले ना?" त्यांना माहीत असायचं.

म्हणजे सगळं त्या टाकीवर येऊन ठेपलं होतं. मासे राहिले तर बाबा जेवणार, बाबा जेवले तर नळी टळणार. मी, जिला माशांचं वेड नव्हतं, ती सकाळी चूळ भरायच्या आधी टाकीत डोकवायची.

दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं. बाबांना गॅलरीत उन्हात खुर्चीवर बसवलं होतं. टाकीच्या झाकणावर त्यांच्या बारीकसारीक वस्तूंची गर्दी होती. तुटकी जाळी, जुना टूथब्रश, रबरी नळी, आणि फोटोच्या रोलची येते ती काळी डबी. डबीत पांढरे खडे होते, पावसाळी हवेनं एकमेकांना चिकटलेले. तुरटी असेल जुनी, असं मी समजले. बाबा तिच्यातून कधीमधी काहीतरी काढतात हे मी पाहिलं होतं, पण काय काढतात हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. नळी तेवढी ठेवली आणि बाकी सगळं केराच्या टोपलीत टाकलं. सासूबाई टोपली न्यायला आल्या, आत डोकावल्या आणि ती उचलून घेऊन गेल्या.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. आदल्या संध्याकाळी सासूबाई तुळशीची पानं घेऊन घरभर फिरल्या. दुधात एक, लोणच्याच्या बरणीवर एक, पिठाच्या डब्यात एक. फिरत फिरत टाकीपाशी आल्या.

"हे पाणी उद्या ओतायला हवं. ग्रहणातलं पाणी घरात ठेवत नाहीत."

"आई, हे ओतलं तर मासे मरतील." पुढचं मी नुसतं डोळ्यांनी खाटेकडे दाखवलं.

त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि एक पान टाकीत सोडलं. दोनचार मासे येऊन त्याला तोंड लावून गेले. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. सासूबाईंनी ते पाहिलं, आणि मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं असावं.

सकाळी सगळ्या बिल्डिंगची दारंखिडक्या बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे यजमान पहाटेच पहिल्या पाळीला कारखान्यात गेले होते. सासूबाई स्वयंपाकघरात जपाला बसल्या होत्या. टीव्हीवर ग्रहण दाखवत होते आणि ते मला बघायचं होतं, हे कबूल करते.

आठला माशांच्या खाण्याची वेळ. आतून सासूबाई म्हणाल्या, "आज निदान माशांना तरी सुटल्यावर दे गं."

"माशांना वेध लागत नाहीत, आई," मी म्हटलं, आणि त्या टोमण्यात मला मजाही वाटली. रोज मी डबीच्या झाकणात चिमूटभर खाणं काढून झाकण बाबांपुढे धरायचे, कारण त्यांच्या बोटांना अंदाज राहिला नव्हता. त्या दिवशी टीव्हीवर सूर्याची नुसती कड उरली होती. मी डबीच त्यांच्या हातात दिली आणि मान वळवली. वळून पाहिलं तेव्हा डबी टाकीत उपडी झाली होती. महिन्याचं खाणं पाण्यावर पसरलं होतं आणि बाबा माझ्याकडे भेदरून बघत होते.

"असू दे, असू दे," मी म्हटलं. चहाच्या गाळणीनं निघेल तेवढं काढलं. बाकीचं हळूहळू तळाला जाऊन बसलं.

पावणेदहाच्या सुमाराला ग्रहण सुटलं. वरपासून खालपर्यंत सगळ्या घरांच्या मोऱ्यांतून पाणी ओतल्याचा एकच आवाज उठला. सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली आणि कामाला लागल्या. त्या दिवशी नळ मुद्दाम उशिरा सोडला होता. गावात काविळीची साथ होती, त्यामुळे पाण्यात ब्लीचिंग पावडर इतकी की आठवडाभर चहालासुद्धा तिचा वास येत होता. तासाभरानं त्या आतून म्हणाल्या, "सगळं पाणी बदललं गं." मी म्हटलं, "बरं." मी फराळाची ताटं भरत होते. एवढंच बोलणं झालं, आणि त्यात काय आहे ते माझ्या कानावरून गेलं.

दुपारी बारापर्यंत टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. मासे पृष्ठभागाला लागून तोंड उघडमीट करत होते. काय करायचं ते मला पाठ होतं. रबरी नळीनं तळाचं खाणं ओढून घेत निम्मी टाकी उपसली. गॅलरीतली निळी बादली नेहमीप्रमाणे काठोकाठ भरलेली होती. ती आणली आणि मगानं पाणी सोडत राहिले. वास आला नाही. फटाक्यांचा धूर होता, फिनेल होतं, आणि खाडीकडून वारा असला तरी नसला तरी केमिकल कंपन्यांचा तो कायमचा आंबट दर्प होताच. डोंबिवलीत नाकावर विश्वास ठेवायची सवयच मोडली होती. टाकीतलं पाणी निवळ दिसायला लागलं. मी बाबांना म्हटलं, "बघा, झालं की नाही?"

दहा मिनिटांत मासे वेडे झाले. आधी काचेला धडका देत इकडून तिकडे पळाले, मग एकेक करून वर आले आणि तिरके व्हायला लागले. कल्ले लाल दिसत होते. मला काही कळेना. मी बादलीकडे पाहिलं. बादली आतून चकचकीत होती. तिच्या आत वर्षानुवर्षं धरलेला हिरवा थर नव्हता.

"आई, गॅलरीतली बादली..."

"घासून भरली ना. किती शेवाळ धरलं होतं तिला!" त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. "तुझ्या मागे एवढी कामं, म्हटलं ही आपणच करावी." मग त्यांनी टाकी पाहिली, आणि माझं तोंड पाहिलं, आणि दाराची चौकट धरली.

बाबांनी आवाज करायला सुरुवात केली. डावा हात टाकीच्या झाकणाकडे नेऊन बोटं चिमटीत आवळत, सोडत. मी खाण्याची रिकामी डबी दिली, त्यांनी ती फेकली. नळी दिली, तीही फेकली. कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी जोडून लहानसं वर्तुळ केलं, एवढं, एवढं, असं दाखवत हवेत हलवलं, आणि झाकणाच्या त्या रिकाम्या कोपऱ्यावर टकटक केली. मला एकदम दिसलं, नळाचं पाणी घाईनं वापरायची वेळ आली की बाबा त्या काळ्या डबीतला एक खडा बादलीत टाकायचे.

"काळी डबी?"

त्यांनी डोळे मिटून उघडले. हो. मग माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, परत माझ्याकडे. कुठे आहे?

मी बोलणार होते, असं आता लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी बोलणार नव्हते. मला एवढंच कळत होतं की ही नजर माझ्यावर येऊन थांबता कामा नये.

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. "मी टाकली," त्या म्हणाल्या. "आवराआवरीत. मला वाटलं तुरटी आहे."

बाबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही. सासूबाईंनी ती झेलली, मान खाली न घालता.

"बाबा, ते खडे मिळतात कुठे?" मी कसंबसं विचारलं. त्यांनी हात डोळ्याशी नेला आणि तर्जनी दाबली. फोटो. नाक्यावरचा फोटो स्टुडिओ.

मी पायात हाताला लागतील त्या चपला घालून धावले. एक माझी होती, एक यजमानांची. स्टुडिओचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं तर फोटोवाला ओल्या केसांना कंगवा करत होता.

"आज बंद आहे, वहिनी. फोटो उद्या."

"फोटो नको. आमचे सासरे तुमच्याकडून पांढरे खडे न्यायचे. माशांसाठी."

"हायपो? अरे, आजोबांचं होय?" तो आत डार्करूममध्ये गेला आणि कागदाची पुडी घेऊन आला. "फोटो धुवायला लागतं आम्हाला. पाण्यातली पावडर मारतं ते. आजोबा बरेत ना?"

"किती टाकायचं?"

"तीन-चार खडे, बस. विरघळवून टाका. आणि पळा, बोलत नका बसू."

घरी आले तेव्हा नऊ मासे पोटं वर करून तरंगत होते. खडे वाटीत विरघळवून ते पाणी टाकीत सोडलं, हातानं ढवळलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी जमिनीवर बसले, बाबा खाटेवर, सासूबाई दारात. दर थोड्या वेळानं एखादा मासा अंग टाकायचा. मी तो गाळणीनं उचलून पातेल्यात ठेवायचे आणि वर ताटली झाकायचे, जणू झाकलं की बाबांना दिसणार नव्हतं. काळ्या शेपट्या आधी गेल्या. दिवेलागणीपर्यंत एकही राहिली नाही. पाणवनस्पतीच्या बुडाशी चार माद्या निपचित पडल्या होत्या, पण त्यांचे कल्ले हलत होते.

यजमान ओव्हरटाइम करून आले, त्यांनी टाकी पाहिली आणि आईवर उखडले. "आई, तुला कुणी सांगितलेलं बादलीला हात लावायला? आणि ती डबीपण तूच टाकलीस?"

"हो," त्या म्हणाल्या.

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

मग भाताची वाटी घेऊन बाबांसमोर बसायची वेळ आली. माशांना त्या दिवशी खायला घालायचं नव्हतं, त्यामुळे नेहमीचं वाक्यही म्हणता येईना. मी नुसता चमचा पुढे धरला. बाबा टाकीकडे बघत होते. हात अवघडला तरी मी चमचा खाली घेतला नाही. डोक्यात एकच शब्द वाजत होता आणि दाराआडही तोच वाजत असणार. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. अकरा चमचे गेले.

वाटी विसळताना मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, डबी कुणी टाकली ते? टोपलीत बघितलीत तुम्ही."

"बघितली."

"मग असं का सांगितलंत?"

त्या ओट्यावरचं फडकं पिळत होत्या. "माझ्यावर रागावले तर काय बिघडतं? माझ्या हातचं ते तसंही खात नाहीत. तुझ्यावर रागावले असते तर उद्या नळी." फडकं दांडीवर टाकलं. "आणि तू बोलायचं नाहीस. कधीच नाही."

मी बोलले नाही. पाच महिने मूग गिळून बसले. आणि त्या पाच महिन्यांत बाबांनी सासूबाईंकडे पाहणं सोडलं. त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चादर ओढून काढायची, हे सगळं सासूबाईच करायच्या. त्या जवळ आल्या की बाबा डोळे मिटून घ्यायचे. आधी निदान भिंतीकडे तोंड करायचे, त्यात रुसवा होता. या मिटलेल्या डोळ्यांत तोही नव्हता. सासूबाई टाकीजवळ फिरकेनाशा झाल्या. पिल्लं झाली तेव्हासुद्धा आल्या नाहीत.

हो, पिल्लं झाली. बाबांनी सांगितलं होतं तसंच. नर एकही नव्हता, तरी मार्गशीर्षात एका सकाळी पाण्यात डोळे असलेले दोरे हलताना दिसले. मी त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक सुईच्या टोकावर घेऊन घालायचे, कारण बाबा बोटानं दाखवायचे की एवढंच, एवढंच. त्यांना दोनचार शब्दही परत आले होते. "ये", "नको", "पाणी". चैत्रात एका पिल्लाच्या शेपटीवर काळी रेघ उमटली, आठवड्यात ती पसरली, आणि बाबांनी खाटेवर तळहात आपटून मला हाक मारली, "ये! ये!" मी गेले. ते हसत होते. झटक्यानंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई दाराआड होत्या. त्यांनाही ते बघायचं होतं आणि त्या टाचा उंचावून लांबूनच टाकीत बघायचा प्रयत्न करत होत्या. मला ते सहन झालं नाही.

"बाबा, डबी मी टाकली होती," मी म्हटलं. "आईंनी नाही. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. तुम्ही जेवणं सोडू नये म्हणून."

मागे सासूबाईंच्या उंचावलेल्या टाचा खाली आल्या. बाबांचं हसू हळूहळू गेलं. ते टाकीकडे बघत राहिले. मी चमचा पुढे केला. "नको," ते म्हणाले.

दुपारी नको. रात्रीच्या जेवणाला नको. दुसऱ्या दिवशी सकाळीही नको. मी गयावया केली, दटावलं, माशांना त्यांच्या हातून खायला घालून "तुमचा नंबर" म्हटलं. ओठ मिटलेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं तुला." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. दुपारी मी शेजारी जाऊन डॉक्टरांना फोन करायचं ठरवलं. चपला घालत होते, तेवढ्यात सासूबाई भाताची वाटी माझ्या स्टुलाजवळ ठेवायला म्हणून खोलीत आल्या.

"ये," बाबा म्हणाले.

मी चपला काढून पुढे झाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"ये," ते पुन्हा म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल सोडून बाजूला झाले. त्या बसल्या. वाटी उचलायच्या आधी त्यांनी माशांच्या खाण्याची डबी उघडली, झाकणात चिमूटभर काढलं आणि झाकण बाबांपुढे धरलं, थेट माझ्यासारखंच. इतके महिने दाराआडून बघत होत्या त्या. मासे वर आले, जेवले. मग त्यांनी चमचा पुढे केला. त्या रडत होत्या, आणि बाबा खात होते.

त्यानंतर बाबा दोन वर्षं होते. नळी कधी लागली नाही. माझ्यावर ते रागावून होते असंही नाही. मी दिलेला चहा घ्यायचे, पेपर वाचून दाखवला तर ऐकायचे. पण माझ्या हातचा घास त्यांनी पुन्हा घेतला नाही. एकदा सासूबाईंना ताप होता म्हणून मी वाटी घेऊन बसले, तर ते त्या उठून येईपर्यंत थांबले. जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं. मला त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं.

बादली मात्र माझ्याकडेच राहिली. नळ आला की ती भरायची, गॅलरीत ठेवायची आणि दोन दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही. सासूबाई रोज सकाळी घरातली भांडी ओतत ओतत गॅलरीपर्यंत यायच्या आणि बादलीपाशी थांबायच्या.

"ही राहू दे ना गं?"

"राहू दे, आई," मी म्हणायचे.